टपावरची ट्रायल

गाडीच्या टपावर कॅरिअर बसवायला अर्धा तास लागतो. कानपूर रोडवरच्या ॲक्सेसरीच्या दुकानदाराने सबनीसकाकांना तसं स्वच्छ सांगितलं होतं. "आधा घंटा, सर. आप चाय पीजिए, तब तक लग जाएगा." काकांनी चहा घेतला, कॅरिअर खोक्यातच राहू दे म्हणून सांगितलं आणि ते खोकं मागच्या सीटवर टाकून जानकीपुरमला घरी घेऊन आले. त्यानंतर तो कॅरिअर बसवण्यात अख्खा मे महिना गेला. त्या महिन्यात काय झालं ते मी सांगणार आहे. मला अजून राग येतो, तेव्हा मध्ये मध्ये माझा आवाज चढला तर चढू द्या.

हेमचंद्र सबनीस आमचे शेजारी. मूळचे मिरजेचे, पण नोकरीचा सगळा जन्म लखनौत, रेल्वेच्या संशोधनाच्या कामात, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये गेला. निवृत्त झाले आणि आमच्या भिंतीला भिंत लावून असलेलं घर घेतलं. मी सुरुची, नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले तेव्हा या गल्लीत मराठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे सबनीस आल्यावर मला माहेर शेजारी आल्यासारखं वाटलं होतं. काकू सोलकढी पाठवायच्या आणि काका ती बरणी नीट बंद आहे का हे उलटी धरून बघायचे.

त्यांचं कामच तसं होतं. रेल्वेचा नवा डबा तयार झाला की तो रुळावर धावायला लायक आहे का, हे ठरवणाऱ्या माणसांपैकी ते एक. डब्यात वाळूची पोती भरायची, मोकळ्या लाइनवर तो आधी हळू, मग जोरात, मग आणखी जोरात पळवायचा आणि आत बसून तो कुठे हलतो, कुठे वाजतो ते बघायचं. याला ट्रायल म्हणतात. यंत्रं असायचीच, पण काका यंत्रांच्या आधी डब्याच्या भिंतीला कान लावायचे. "यंत्र सांगतं किती, कान सांगतो कुठे," हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी पास केलेल्या डब्यांतून किती माणसं सुखरूप घरी गेली असतील, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

पण ट्रायल घरातसुद्धा चालायची. नवा कुकर आणला की पहिले तीन दिवस त्यात नुसतं पाणी शिजायचं. मुलाच्या, आशिषच्या मुंजीत काका मांडवाच्या खांबाला लोंबकळून बघताहेत, असा फोटो त्यांच्या अल्बममध्ये आहे. वसुधाकाकू म्हणायच्या, "मलाही ट्रायलवरच आणलं असणार. पास झाले की नाही ते अजून कळवलेलं नाही." त्या हसत म्हणायच्या, म्हणून आम्हीही हसायचो.

वसुधाकाकूंची थोरली बहीण लीलावती. सगळे त्यांना लीलाताई म्हणतात. त्या सांगलीला असतात, नात स्वरदा त्यांच्याजवळ राहते. या दोघी बहिणींची आई लवकर गेली, आणि लीलाताईंनी स्वतःचं शिक्षण सोडून धाकटीला वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, तिचे अभ्यास घेतले, तिचं लग्न लावून दिलं. लग्नात आईचा झोपाळाही तिलाच दिला. जाड सागवानी फळी, पितळी कड्या. तो झोपाळा आधी मानक नगरला आणि मग इथे, सबनीसांच्या हॉलमध्ये टांगलेला असायचा. माझी सानिका त्याच्यावर बसून दहावीचा अभ्यास करायची.

एप्रिलमध्ये लीलाताईंना हॉस्पिटलमधून घरी आणलं. आता घरीच राहू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे काय, ते कोणाला फोड करून सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळी फोन झाला तेव्हा मी तिथेच होते. काका फोन नेहमी स्पीकरवर लावतात, अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. लीलाताई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "वसू, आईच्या झोपाळ्यावर एकदा बसावंसं वाटतं गं."

वसुधाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांनी झोपाळ्याच्या फळीला टेप लावली.

फळी गाडीत मावत नव्हती. छोटी गाडी त्यांची, मागची सीट पाडूनही फळी काचेवर येत होती. ट्रान्सपोर्टने पाठवू या म्हटलं तर काका म्हणाले, "आपटतात ते लोक. कड उडाली तर लीलाताईंना काय तोंड दाखवू?" पुण्याहून आशिष रोज फोनवर सांगत होता, "आई, तू विमानाने ये, मी तुला सांगलीला सोडतो. झोपाळा मागाहून येईल." पण काकूंचं एकच. "ताईनं उभ्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय रे. रिकाम्या हातांनी कशी जाऊ?" शिवाय नवरा आपल्या बहिणीसाठी एवढा खपतोय, त्याला टाकून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तेव्हा ठरलं ते असं. कॅरिअर बसवायचा, त्यावर झोपाळा बांधायचा आणि दोघांनी गाडीने सांगली गाठायची. काकूंनी बॅग भरून दाराशी आणून ठेवली. झोपाळा खाली उतरवला, जुन्या रजईत गुंडाळून भिंतीला टेकवला. छतात नुसते दोन हूक राहिले.

मग ट्रायल सुरू झाली.

कॅरिअर म्हणजे काय असतं? दोन आडव्या दांड्या, चार पाय, प्रत्येक पायाला दाराच्या चौकटीत अडकणारी पकड, खाली रबर. काकांनी पहिल्या दिवशी तो बसवला. दुसऱ्या दिवशी सगळा खोलला, कारण मागचं दार लावताना रबर किंचित दबत होतं. मग दुसरं रबर आणलं. मग त्यांना नट आवडले नाहीत, ते मानक नगरच्या बाजूला कुणाकडून तरी वेगळे नट घेऊन आले. मग पुन्हा बसवला आणि टपावर पिण्याच्या पाण्याचे मोठे जार बांधून गाडी कॉलनीत फिरवली. जारवाला भैया मला विचारत होता, "दीदी, साहब पानी पीते नहीं हैं क्या, बस घुमाते हैं?" मी कपाळावर हात मारला.

प्रत्येक वेळी कॅरिअर व्यवस्थित होता. मला विचाराल तर तो पहिल्या दिवशीही व्यवस्थित होता. पण वजन बांधून गाडी जरा पळवली की टपावर कुठेतरी एक बारीक खडखड व्हायची. आत बसून ती कुठून येते ते कळत नव्हतं. काका चौकट चौकट चाचपत. उन्हात टप तापलेला, त्यावर ओलं फडकं टाकून हात फिरवत.

"काका, खडखड होऊ दे ना," मी एकदा कुंपणावरून म्हटलं. "खडखड करत जा. पण जा."

"सुरुची, पंधराशे-सोळाशे किलोमीटरचा प्रवास आहे. एक पकड सुटली तर फळी मागच्या गाडीच्या काचेत जाईल. माणूस मरेल."

"आणि तिकडे सांगलीत काय चाललंय?"

"म्हणूनच पक्कं करून निघायचं," काका म्हणाले, आणि परत पान्हा उचलला.

ते चूक बोलत नव्हते, हाच तर त्रास होता. काकूंना मी विचारलं, तुम्ही तरी काही बोलत का नाही? त्या म्हणाल्या, "अगं, परवा पक्कं होणार म्हणालेत." तो परवा महिनाभर चालला होता. सांगलीहून स्वरदाचा फोन आला की काकू आधी श्वास रोखून ऐकायच्या, आणि "आजी आज बरी आहे" असं कळलं की बॅगेतली एखादी साडी काढून पुन्हा नीट घडी घालून ठेवायच्या.

त्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. सानिका बाहेर भाजी घ्यायला गेली होती. ती पिशवी न घेताच परत आली आणि दारातच उभी राहिली. तिचा चेहरा पाहून माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"मम्मी, सबनीस काका नहीं रहे."

"काय बोलतेस?"

"सब्जीवाले भैया ने देखा. मेन रोड पे. उन्हीं की गाड़ी के ऊपर ले जा रहे हैं, सफ़ेद चादर में. लक्ष्मीकांत अंकल चला रहे हैं." आणि ती रडायला लागली.

इकडे असं नेतात, हे मी पाहिलेलं होतं. शववाहिनी मिळाली नाही, किंवा गावाकडे न्यायचं असलं, की जीपच्या टपावर बांधून नेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दिवसभर जेवण गेलं नव्हतं. आता त्या चादरीत सबनीसकाका आहेत, त्यांनीच बसवलेल्या त्या कॅरिअरवर, हे माझ्या डोक्यात शिरेना. कालच तर ते फडकं पिळत होते. ऊन लागलं असेल. या मेच्या उन्हात, सत्तरीच्या माणसाने, रोज. मी किती वेळा सांगितलं होतं! मी लक्ष्मीकांतना फोन लावला. लक्ष्मीकांत हे काकांचे ऑफिसातले मित्र, नागपूरचे, अतिशय भित्रे गृहस्थ. त्यांनी फोन उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही.

गॅस बंद करून मी पिठाच्या हातांनीच शेजारी धावले.

वसुधाकाकू हॉलमध्ये खाली बसून भेंडी पुसत होत्या. एकेक भेंडी, अगदी सावकाश. मला पाहून म्हणाल्या, "ये गं. चहा टाकू?"

"काका कुठेत, काकू?"

"लक्ष्मीकांतांबरोबर गेलेत मघाशी. एक राउंड मारून येतो म्हणाले. का?"

मला सांगायची वेळच आली नाही, कारण माझ्या मागून पलीकडच्या मिश्राआंटी पांढरी साडी नेसून आत आल्या आणि त्यांनी दारातच मोठ्याने हंबरडा फोडला. "हाय भाभीजी, ये क्या हो गया! भाईसाहब को तो अभी कल ही देखा था!" त्यांच्यामागे मिश्राजी, कोपऱ्यावरचे डॉक्टर, गेटवरचा गार्ड. बघता बघता हॉल भरला. बायका खाली बसल्या, पुरुष भिंतीला धरून उभे. कुणीतरी पंखा वाढवला.

काकूंनी हातातली भेंडी खाली ठेवली. सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं.

त्या रडल्या नाहीत. हात पदराला पुसले. रजईत गुंडाळलेल्या फळीकडे थोडा वेळ बघत राहिल्या. आणि मग अगदी साध्या आवाजात, उद्या दूधवाला येणार नाही म्हणावं तशा म्हणाल्या, "म्हणजे आता मला ताईकडे जाता येणार नाही."

"सुतक लागणार," त्या म्हणाल्या. "तेरा दिवस घरातून हलू देणार नाहीत मला. तेरा दिवस ताई कुठली थांबते."

सानिका अजून गेटपाशीच होती. खोलीत मराठी समजणारी मी एकटीच होते, हे देवाचे उपकार. मला धक्का बसला, खोटं कशाला बोलू? नवरा गेल्याचं कळून दोन मिनिटं झाली नाहीत, आणि ही बाई दिवस मोजते? मला तिचा राग आला. मग लगेच लक्षात आलं की राग ज्याचा यायला हवा तो वेगळा माणूस आहे. पण तो तर मेलेला. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून मी काकूंचा हात धरून नुसती बसले.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला.

सगळे उठले. मिश्राजींनी "राम नाम" सुरू केलं. गेटातून गाडी आत आली, अगदी हळू, चारही इंडिकेटर लुकलुकताहेत. स्टिअरिंगवर लक्ष्मीकांत, पांढरा कुर्ता-पायजमा, डोक्याला उन्हासाठी पांढरा गमछा, चेहरा असा की बघवत नव्हता. टपावर दोरीने बांधलेली पांढरी चादर. चादरीवर झेंडूची फुलं होती. रस्त्यात कुणीतरी टाकली असावीत. मी काकूंना धरून पुढे नेलं.

गाडी थांबली आणि चादर ओरडली.

"थांबू नको रे! डावीकडचा मागचा पाय! सापडला! आणखी एक राउंड घे!"

मिश्राआंटी किंचाळून मागे पडल्या त्या डॉक्टरांच्या अंगावर. गार्ड गेटाबाहेर पळाला, तो किती तरी वेळ परत आला नाही. चादरीतून एक हात बाहेर आला, त्याने झेंडूची फुलं झटकली, चादर खाली ओढली, आणि सबनीसकाकांचं घामाने डबडबलेलं, लालबुंद, पण अतिशय खूश तोंड बाहेर आलं. त्यांनी आमची गर्दी पाहिली.

"काय झालं?" ते म्हणाले. "कोण गेलं?"

मग सानिका रडता रडता हसायला लागली, आणि मग सगळेच.

झालं होतं ते असं. खडखड कुठून येते ते आत बसून सापडत नव्हतं, म्हणून नोकरीत जे केलं तेच काकांनी केलं. आवाज जिथे आहे तिथे कान न्यायचा. ते स्वतः कॅरिअरवर आडवे झाले, दांडीला कान लावून. लक्ष्मीकांत म्हणाले, दोरी बांधल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही. म्हणून दोरी. टप तापला होता आणि वर ऊन, म्हणून चादर, डोक्यावरून. काकूंना सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं, म्हणून "एक राउंड मारून येतो" एवढंच सांगितलं. आणि गाडी चालवताना फोन घेत नाहीत, म्हणून लक्ष्मीकांतनी माझा फोन घेतला नाही. "वहिनी, मी काय सांगू," ते मला घाम पुसत म्हणाले, "लोक हात जोडत होते. एक बस थांबली. चहावाला उभा राहिला. मला वाटलं, मला पोलिसात देणार. मी समोर बघून चालवत राहिलो."

मी चहा टाकला. काकू पुन्हा भेंडीपाशी जाऊन बसल्या होत्या, पण पुसत नव्हत्या. हॉलमध्ये हास्याचा कल्लोळ. डॉक्टरांनी काकांचं ब्लडप्रेशर तपासलं, मिश्राजी म्हणाले, "भाईसाहब, अब तो आप सौ साल जिएँगे." काका रंगात आले होते. जे अख्ख्या महिन्यात गाठता आलं नव्हतं ते त्यांना सापडलं होतं, आणि वर मेल्याचं कौतुकही मिळालं होतं. माणसाला आणखी काय हवं?

कप हातात घेऊन ते मला म्हणाले, "काय गं, मी गेलो म्हटल्यावर ही काय म्हणाली?"

मी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

"सांग की. एवढं तर कळू दे. रडली का?"

"काका, चहा घ्या."

"मी सांगते," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वर केली. "मी म्हटलं, म्हणजे आता मला ताईकडे जाता येणार नाही."

काकांचं हसू तोंडावरच राहिलं. मिश्राजींना मराठी कळत नव्हतं, ते हसतच होते. मग त्यांच्याही लक्षात आलं की काहीतरी झालं आहे, आणि ते थांबले.

"पहिलं हेच मनात आलं?" काकांनी हळू विचारलं.

"हो."

"मी मेलो आणि..."

"तुमच्यासाठी नंतर रडले असते," काकू म्हणाल्या. "खूप रडले असते. पण पहिलं हेच आलं. मी काय करू?"

काकांनी कप खाली ठेवला. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते. त्यांना बरीच माणसं बोलली असतील, मीही कमी बोललेले नाही. पण कशानेही त्यांचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. मग ते उठले, फोन घेतला, आणि सांगलीचा नंबर लावला. सवयीने स्पीकरवर.

स्वरदाने उचलला. "लीलाताईंना दे," काका म्हणाले. थोडी हालचाल ऐकू आली, उशी सरकवल्याची.

"लीलाताई, मी हेमचंद्र. झोपाळा घेऊन निघतोय. परवाच निघतो. सगळं पक्कं झालंय."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "कसला झोपाळा?"

"आईंचा. तुम्ही म्हणाला होतात ना, एकदा त्यावर बसायचंय म्हणून."

"अरे देवा," लीलाताई म्हणाल्या. त्या हसत होत्या की धाप लागली होती, कळलं नाही. "ते आपलं म्हटलं रे. मला उशीला टेकून बसवत नाही, मी झोपाळ्यावर कुठली बसते? वसूला पाठव ना. मी रोज स्वरदाला विचारते, निघाली का म्हणून."

एका म्हाताऱ्या बाईने उसासा टाकला होता आणि या माणसाने त्याची ऑर्डर लिहून घेतली होती. आणि माझंही तेच. मी कुंपणावरून इतकी भांडले, ती खडखडीवरून. त्या फळीची गरज आहे का, हे लीलाताईंना विचारायचं मलाही सुचलं नाही. काकूंनी तोंडावर पदर घेतला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"सानिका, बेटा," काका म्हणाले, "विमान बघ. आंटीला. मिळेल ते."

सानिकाने तिथेच बसून तिकीट काढलं. पुण्याचं, दुसऱ्या दिवशी दुपारचं. त्याआधीची सगळी विमानं भरलेली होती. काका म्हणाले, मीही येतो. काकू म्हणाल्या, "तुम्ही मागाहून या." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच काकूंना त्या गाडीने विमानतळावर सोडलं, टपावर रिकामा कॅरिअर. मीही बरोबर होते. आत जाताना काकूंनी एकदा मागे वळून पाहिलं, आमच्याकडे, आणि मग बॅग ओढत आत गेल्या. खांदे ताठ होते. एवढ्या दिवसांत त्यांना तसं चालताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

आशिषने त्यांना पुण्याहून परस्पर सांगलीला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा मला फोन आला. काकांना नाही, मला.

"सुरुची, ताई मला ओळखत नाही गं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"काल दुपारपासून असं झालंय म्हणते स्वरदा. सकाळपर्यंत विचारत होती, वसू निघाली का. मी विमानात होते तेव्हा... मी जवळ गेले तर माझ्याकडे बघते, आणि स्वरदाला विचारते, या बाई कुठल्या? मी सांगितलं, ताई, मी वसू. तर म्हणते, वसू लहान आहे. शाळेत गेलीय." मी त्यांना एवढंच म्हणू शकले की तुम्ही त्यांच्याजवळ बसा.

संध्याकाळी मी काकांना डबा द्यायला गेले. त्यांना आशिषने सांगितलं होतं. लक्ष्मीकांत येऊन गेले होते, मिश्राजी येऊन गेले होते, दोघांनीही त्यांची समजूत घातली होती की बीमारी में ऐसा ही होता है, हे व्हायचंच होतं, कोणाच्या हातात काही नव्हतं. काका पायरीवर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"सुरुची," ते म्हणाले, "तू स्पष्ट बोलतेस. मला एक सांग. पंधरा दिवस आधी गेली असती तर?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काय ऐकायचं आहे ते मला समजत होतं, आणि तसं बोलणं अवघड नव्हतं. सगळे दिवसभर तेच बोलत होते. पण या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या डब्यांना पास-नापास केलं होतं, आणि तो पहिल्यांदाच कुणाला तरी स्वतःबद्दल विचारत होता.

"ओळखलं असतं, काका," मी म्हटलं. "दोघी गप्पा मारत बसल्या असत्या."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातला डबा घेतला, शेजारी ठेवला, आणि मग सबनीसकाका तिथेच, दिवसाउजेडी, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या समोर, मोठ्याने रडायला लागले. मी त्यांची समजूत घातली नाही.